दवाखान्यापुढं घागरींची रांग

धाराशिव, मंगळवार संध्याकाळ

आजच लिहायला हवं.

आमच्या वस्तीतला सरकारी दवाखाना दुपारीच बंद होतो. बांधकामावर जाणाऱ्या बायांनी बीपीच्या गोळ्या आणायच्या कधी? हजेरी बुडवून? शेजारच्या शाहीनभाभी गोळ्या संपल्या म्हणून स्लॅबच्या कामावर चक्कर येऊन पडल्या. तरी दवाखान्याचे मोठे साहेब बैठकीत म्हणतात, "संध्याकाळी पेशंट येतच नाहीत." कुलपाला दाखवायला येणार का पेशंट? डोकंच फिरलं माझं.

मग सुचलं. टँकरला घागरी ठेवून नंबर धरतो, तशाच आज बंद दारापुढं ठेवल्या. कामावरून आलेल्या प्रत्येक बाईनं आपापली आणली. रांग पार पिठाच्या गिरणीपर्यंत! पहिली माझी, लाल, काठाला चिरलेली. मग साहेबांना फोन करून बोलावलं.

"इथं टँकर येणार असं कुणी सांगितलं?" साहेब चिडले.

शाहीनभाभी पुढं झाल्या. "पाण्याचा न्हाय सायब, डॉक्टरचा नंबर हाय ह्यो. येक घागर म्हंजे येक पेशंट. मोजा."

आणि साहेबांनी खरंच मोजल्या की! तिथूनच दवाखान्याच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. उद्यापासून दवाखाना संध्याकाळीही उघडणार. महिनाभर बघू, म्हणाले. बघाच म्हणावं!

आत्ता चहाला पाणी घ्यायला गेले, तर घागर कुठं? तिथंच राहिली, दारात. आणायला चप्पल घातली आणि परत काढली. राहू दे. चिरलेली घागर कोण नेतंय? आणि नंबर पहिला आहे.