पुरावा नसलेल्या चार ओळी

बाबा, परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, मानकुराद आंब्याला हे नाव कसं पडलं? उत्तर तुमच्याच शब्दांत माझ्या तोंडून निघालं. पोर्तुगीज म्हणायचे मालकोराद, म्हणजे रंगाला वाईट, आणि आपल्या लोकांनी खाऊन बघितल्यावर त्याला मान दिला. मुलं हसली. मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उगाच पुसत राहिले.

तुम्ही गोव्याच्या सीमेलगत लाटंबार्शाच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होता, आणि दर आठवड्याला एका दैनिकाला इतिहासातल्या गमतीच्या चार ओळी पाठवायचात. काजू आणि मिरची दोन्ही बोटीतून आली. फोंड्याकडचे कितीतरी देव मूळचे तिथले नव्हेत, पोर्तुगीजांच्या भीतीनं नदी ओलांडून आणलेले. खाली नाव नाही, नुसतं ‘एक शिक्षक’. शाळा सुटल्यावर तुम्ही सोप्यावर मांडीवर पाटी घेऊन, तिच्यावर कागद ठेवून लिहायचात, आणि आई आतून विचारायची, “आज कितें सोदून काडलां?” घरात बोलणं कोंकणी, लिहिणं मराठी, त्यात आपलं कधी काही अडलं नाही.

मग गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, हा वाद पेटला. मी तेव्हा म्हापशाला कॉलेजात, इतिहास घेतलेला. कॅन्टीनमध्ये दोन बाजू पडल्या होत्या आणि दोन्हीकडचे लोक इतिहास उकरून एकमेकांच्या अंगावर टाकत होते. त्याच दिवसांत तुमच्या चार ओळी आल्या: पोर्तुगीज अमदानीत आपल्या तालुक्यातल्या एका बाईनं मुलासाठी मराठी अंकलिपी चिंचेच्या टोपलीत लपवून सीमेपलीकडून आणली होती. तो ‘एक शिक्षक’ कोण, हे मैत्रिणींना मीच कधीतरी सांगितलं होतं. त्या हसल्या. “तुझ्या बाबांनी रचलेलं दिसतंय,” एक म्हणाली. मला ते फार लागलं. मी संपादकांना पत्र लिहिलं. या बाईचं नाव काय, गाव कोणतं, आधार काय? वादाच्या दिवसांत असल्या दंतकथा छापू नयेत. खाली माझं पूर्ण नाव.

ते छापून आलं त्या सकाळी तुम्ही बसस्टॉपवरच्या दुकानातून जवळजवळ धावत आलात, हातात दोन अंक. “तुजें नांव छापलां गो!” आईला चुलीपुढून उठवलंत, चष्मा लावलात आणि मोठ्यानं वाचायला लागलात. दोन ओळी तुम्ही वाचल्यात. तिसरीवर आवाज थांबला. उरलेलं मनात वाचलंत. आई म्हणाली, “वाच मरे फुडें.” तुम्ही अंकाची घडी घातलीत.

“बरोबर आसा,” माझ्याकडे न बघता म्हणालात. “पुरावो ना.”

चहा तसाच ठेवून शाळेला गेलात. त्यानंतर त्या दैनिकाला तुम्ही एकही ओळ पाठवली नाहीत. पुढे गोवा राज्य झालं, शाळेत पेढे वाटले, तेव्हाही आई म्हणाली होती, आज तरी काहीतरी लिही. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तुम्ही चारच वर्षं होता. माझ्याशी अबोला धरला नाहीत, कधी टोचून बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

तुमच्या बाराव्याला तुमची थोरली बहीण माझ्याजवळ बसली. तांदूळ निवडता निवडता मी ती अंकलिपीची गोष्ट काढली. आतेचे हात थांबले. “अगो, ती आमची आवय. तें पुस्तक तुज्या बापायखातीर हाडिल्लें तिणें.” नाक्यावर शिपायांनी आजीला पकडलं होतं. टोपली ओतली, अंगावरचं लुगडं ओढून झडती घेतली, दिवसभर उन्हात बसवलं. पुस्तक तिनं तरीही कसं वाचवलं ते आतेलाही ठाऊक नाही. घरी आल्यावर तिनं दोघा मुलांना शपथ घातली, हें कोणाकूच सांगूं नाकात. तिला लाज वाटायची. तुम्ही शपथ पाळलीत, बाबा. नाव दिलं नाहीत, गाव दिलं नाहीत, चारच ओळी दिल्यात. आणि नेमकं तेच मी मागितलं.

आता मी मुलांना शिकवते की आधाराशिवाय काही मानू नये. ते खोटं नाही. पण हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं तरी खरं लिहिते. आधार कोणता, हे मला सोप्यावर येऊन तुम्हांलाच विचारता आलं असतं. तेव्हाही हे मला सुचलं होतं. पण घरात विचारलं असतं, तर माझं नाव छापून आलं नसतं.