बहिणीचं लग्न, रजेसाठी

उस्ताद,

आपल्या सैनिकी अकादमीत रजा मिळवायची एकच खात्रीची रीत होती, ती म्हणजे आजी मारणे. आमच्या तुकडीने पहिल्या चार महिन्यांत इतक्या आज्या मारल्या, की एकाचा अर्ज हातात घेऊन तुम्ही विचारलं होतं, "ही कितवी रं? मागल्या महिन्यात एक पोचवली ना आपण?" म्हणून माझी पाळी आली तेव्हा मी अभद्र टाळलं आणि बहिणीचं लग्न लावलं. बहीण वैजापूरला सहावीत होती. खोटा अर्ज सापडला तर ट्रंक उचलून कायमचं घरी, हा तिथला नियम, आणि फौजेत जायचं सोडून मला दुसरं काही सुचतही नव्हतं. पण तुम्ही सही केलीत, आणि मला वाटलं, सुटलो.

सुटतो कसला! सोमवारी सकाळी मैदानावर तुम्ही कवायत घेत होतात, मी सावधानमध्ये उभा, आणि तुमचा प्रश्न: "जावई काय करतो?" उभ्या उभ्या मी त्याला वाळूजच्या कारखान्यात नोकरीला लावला. मग दर महिन्याला चौकशी. सासू कशी हाय, नांदती का नीट. मी सासूला संधिवात दिला, जावयाची पाळी बदलली, दिवाळीला दोघांना माहेरी आणलं. दुसऱ्या वर्षी तुमच्या डोळ्यांत "गोड बातमी कधी" असं दिसायला लागलं, आणि तुमचं मन मोडवेना म्हणून मी तिला मुलगा करून टाकला. तुम्ही अख्ख्या तुकडीला पेढे वाटलेत. आठवड्याने एक पुडी हातात ठेवलीत. गुलमंडीतून आणलेल्या मऊ कापडाचं झबलं. "घरच्यांनी शिवलंय. मामाच्या हातानं घाल बच्चे को." उस्ताद, ते झबलं मी बूट पॉलिशच्या डब्याखाली दडवलं, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीआधी त्याची जागा बदलत राहिलो.

शेवटच्या दिवशी पालक आले. मला फक्त आईवडिलांची अपेक्षा होती. आईच्या मागून दोन वेण्या, लाल रिबिनी आणि शाळेचा फ्रॉक बाहेर पडला. तुम्ही समोरूनच येत होतात.

"ही कोन?"

"ह्याची बहीण," आई कौतुकाने म्हणाली. "एकुलती एक. आठवीत गेली औंदा."

मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, मग पुन्हा रिबिनींकडे. मिशी जरा हलली. "लई गुनाची पोरगी," तुम्ही आईला म्हणालात. "पोरगं बी जिम्मेदार हाय. भैनीची लई फिकीर करतं." मग मला बाजूला घेऊन, "अबे, इतका लंबा झूट! अफसर बनेगा तू. पन जवानाच्या अर्जावर सही करताना हा दिन याद ठेव."

ठेवलाय, उस्ताद. आता अर्ज माझ्या टेबलावर येतात. आज्या अजून मरताहेत. मी सही करतो, आणि परत आल्यावर एकच विचारतो, घरी सगळे कसे आहेत? बहुतेक जण गडबडतात. मला फार मजा येते.

गेल्या वर्षी बहिणीला खरोखर मुलगा झाला. पहिल्यांदा वाटलं, उस्तादांना कळवायला पाहिजे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे नंतर आठवलं, आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलो. एवढ्या बातम्या दिल्या तुम्हाला, एक खरी द्यायची राहिली.

एक गोष्ट मात्र तुम्ही कधी विचारली नाहीत, की मला ती रजा हवी कशाला होती. काही कारण नव्हतं. पंधरा वर्षांचा होतो आणि आईची फार आठवण येत होती. अर्जात तेवढंच लिहिलं असतं, तर तुम्ही सही केली असतीत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आजसुद्धा हे वाक्य दोनदा खोडून मग लिहिलंय, तेही हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून.