उंडीच्या तेलावर

प्रिय शौनक,

रत्नागिरीत, हॉस्पिटलच्या आवारात, आपल्या जीपमध्ये बसून हे लिहिते आहे. बाबा आत डायलिसिसला आहेत. कागद स्टिअरिंगवर धरलाय आणि इंजिन चालू आहे, म्हणून अक्षर असं थरथरतंय. आई म्हातारी झाली असं लगेच समजू नकोस. फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की बाबा स्पीकर लावायला सांगतात आणि माझं वाक्य मधेच स्वतः पुरं करतात. म्हणून कागद. लिहून झाला की फोटो काढून पाठवीन.

पंपावर डिझेल यायचं थांबल्यापासून मालगुंडात सगळे घरकोंबडे झालेत. एसटी आली तर आली. तुझ्या बाबांना मात्र हुरूप आला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, तो गप्प बसेल तर शपथ! समुद्राकडच्या उंडीच्या झाडांखालून बिया वेचल्या, वाळवल्या, केरूच्या घाण्यावर तेल काढलं, माझ्या जुन्या पातळातून गाळलं आणि जीपला पाजलं. पूर्वी हे तेल दिव्यांना जाळायचे. दाट फार, म्हणून तेलाची नळी रेडिएटरच्या गरम पायपाभोवती गुंडाळली. तरी गाडी सुरू करताना आणि बंद करण्याआधी थोडं डिझेल लागतंच. नाहीतर तेल आत घट्ट होतं आणि मग इंजिन काही केल्या उठत नाही. जीप पहिल्यांदा अंगणाबाहेर निघाली तेव्हा सगळ्या वाडीला कडू काढ्याचा वास आला. बाबा बॉनेट थोपटत होते. तुझ्या मुंजीतही इतके खूश दिसले नव्हते. मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण तू आम्हाला मुंबईला बोलावलंस, घराजवळ डायलिसिसची सोय बघून ठेवलीस, त्यावर त्यांनी काय केलं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलं, की गाडी चालत्ये तोवर मी गाव सोडणार नाही. ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी मुलाकडे जाईन. देवाला फारसे मानत नाहीत, पण गावासमोर दिलेला शब्द मोडायचे नाहीत. सगळे ‘होय महाराजा’ म्हणाले आणि मी या जीपला बांधली गेले. त्यांच्या हातात आता जोर नाही, तेव्हा चालवते मीच.

गेल्या आठवड्यात आरे-वारेच्या चढावर फिल्टर तुंबला. वर ऊन, खाली समुद्र आणि रस्त्याला चिटपाखरू नाही. बरोबरच्या डिझेलवर कशीबशी घरी परतलो, पण डायलिसिस चुकलं. नंतर त्यांना आडवं होता येईना. उशांना टेकून, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायचे. पाय सुजले, चप्पल चढेना. मी म्हटलं, आता तरी बंद पडली म्हणा. तर म्हणाले, “अगो, बंद कुठे पडली? थांबली होती!” आणि त्या सुजलेल्या पायांनी फिल्टर धुवायला बसले. मला आधी हसू आलं आणि मग मागच्या पडवीत जाऊन मी रडले.

उरलंसुरलं डिझेल आज सकाळी गाडी सुरू करण्यातच संपलं. केरू त्याच्या पॉवर टिलरमधलं थोडं काढून घरी आणून ठेवणार आहे. तोवर इंजिन बंद करायचं नाही, असं मला बजावून बाबा आत गेले. हँडब्रेक धरत नाही, म्हणून पाय ब्रेकवरून हलवायची सोय नाही. तहान लागली आहे, पाण्याची बाटली मागच्या सीटवर. वॉचमन नाक दाबून दोनदा येऊन गेला. शौनक, मी फार अडकले आहे रे. आपली बाग, तो किनारा मलाही सुटवत नाही. पण मला माणूस हवा आहे. ही जीप धडधडत राहिली तर तो माणूस एक दिवस त्या चढावर माझ्या शेजारच्या सीटवरच जाईल, आणि मला बघत बसावं लागेल.

नर्स आत्ताच सांगून गेली, थोड्या वेळात त्यांना सोडतील. गाडी अशीच घरी नेली तर केरूचं डिझेल मिळेल, परवा ती पुन्हा सुरू होईल आणि बाबा पुन्हा बॉनेट थोपटतील. म्हणून तुला लिहायला बसले. रेल्वे चालू आहे. मिळेल त्या गाडीने आजच नीघ. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या दारातल्या बाकावर असू. आल्यावर त्यांना रागावू नकोस. ते माझ्यावर रागावतील, ते मी बघून घेईन. शब्दाला मात्र जागतील, एवढं मी त्यांना ओळखते.

गिअर टाकला आणि किल्ली उलटी फिरवली. ही ओळ बघ, सरळ आली.

वाट बघणारी तुझीच,
आई