आठ ग्रह आणि आपण चौघं

प्रिय रुख्मिणी,

नागपूरला नीट पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. इथे हरभरा सोंगून झाला. आजीच्या तेरवीची भांडी ज्याची त्याला परत गेली. आजीचं जातं मी झाकून ठेवलं आहे.

निघताना एस.टी.च्या खिडकीतून तू विचारलंस, "अष्टग्रहीच्या वेळी आजीनं मला बोलावलं नव्हतं का?" मी म्हटलं, "हात आत घे." तेवढ्यात गाडी सुटली आणि मला बरं वाटलं.

ते दिवस तुला सांगायचे राहिले. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, म्हणून सगळं देऊळघाट देवळात होमाला बसलं होतं. शाळेत निम्म्या मुली येईनात. मी उरलेल्यांना घेऊन खगोलाचा तास घेत होते. तुझे बाबा वेदान्ताचं पुस्तक मिटून म्हणाले, "जग मुळात नाहीच, तर बुडणार काय?" त्यावर आजी म्हणाली, "जग नाही त मंग दोन टाइम भाकर कायले लागते तुले?" मी सुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी दळताना आजी नवी ओवी म्हणत होती:

आठ पाव्हणे आभाळी, त्यायले एकच बाज
नात माझी रुखमाई येईल का गं आज

दळण थांबवून मला म्हणाली, "सूनबाई, रुखमाले बलाव. ते आठ जन एका जागी येऊन राह्यले, आपन चौघं काऊन नाही?"

मला वाटलं, म्हातारी घाबरली. मी बाजेवर लिंबं, सुपाऱ्या, हरभरे मांडले. ग्रह एकमेकांजवळ येत नाहीत, कोट्यवधी मैल अंतर राहतं, आपल्या बाजूनं ते एका दिशेला असतात एवढंच, असं समजावलं. तिनं सगळं ऐकलं. एक हरभरा तोंडात टाकला आणि म्हणाली, "इतल्या दूरचे हायेत, तरी आले ना!"

मी म्हटलं, तुम्हाला काही कळलं नाही. लिंबं उचलून मी शाळेत गेले.

अष्टग्रही सरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सहा तारखेला, ऊन नेहमीसारखं अंगणात आलं. मी चहा देताना जरा जोरातच म्हटलं, "बघा, बुडलं का जग?" आजी गाडीच्या रस्त्याकडे बघत होती. "नाही बुडलं," म्हणाली. "पन आलं बी नाही कोनी." त्यानंतर तिनं जात्यावर बसून दळलं, पण ओवी म्हटली नाही. महिना संपायच्या आत ती गेली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे, रुख्मिणी. बोलावलं होतं. तोंडानं सांगून आणि गाऊनही. मी तुला कळवलं नाही. तुझी प्रॅक्टिकल्स होती, हे कारण मी तुझ्या बाबांना सांगितलं, तेही खोटं नव्हतं. पण विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची मुलगी ग्रहांना भिऊन घरी पळून आली, असं गाव म्हणेल, याची मला भीती होती. त्या आठवड्यात आपल्या घरात घाबरलेलं माणूस एकच होतं, आणि ते जात्यावर बसलेलं नव्हतं. तू रागावलीस तर खुशाल रागाव. पण होळीला ये. त्या ओवीची चाल मला लागत नाही, तुला ती येत असणार.

वाट पाहणारी,
तुझीच आई