अडीच बारची होडी

मोशी, ता. ९ जून

ती. स्व. नानामामांना निरंजनचा कोपरापासून नमस्कार. तुमचे गुडघे, मामीची शुगर आणि नवी म्हैस, तिन्ही बरी असतील असं धरून चालतो. आई ठणठणीत आहे. मी मात्र परवापासून हादरलेला आहे (डावा कान अजून वाजतोय). आमच्या सोसायटीनं होडी घ्यायचं ठरवलं आहे.

होय, होडी. गेल्या वर्षी इंद्रायणीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा आईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून बाहेर काढावं लागलं (सत्त्याहत्तराव्या वर्षी, दोन सिलिंडर आणि शेजाऱ्यांचा पोपट यांच्यासोबत). व्हिडिओ चाकणपर्यंत फिरला. तेव्हापासून तिचा निश्चय आहे: पुन्हा पाणी आलं तर घरातच बसेन, पण त्या बकेटमध्ये पाय ठेवणार नाही. ती बोलते तसं करते, हे तुम्हाला मी काय सांगावं! म्हणून मोठ्या पावसाच्या आत होडी हवी.

अध्यक्ष दौलतराव इथल्या जुन्या गावातले. त्यांनी निवडीचं काम माझ्या गळ्यात घातलं. "तुमी कोकणातलं, तुमाला काय सांगायचं!" मामा, मी मंडणगडच्या डोंगरात वाढलो, समुद्र शाळेच्या सहलीत पाहिला, आणि पुढची पंचवीस वर्षं चाकणला गाड्यांची चाकं तपासली. पण भर सभेत नाही म्हणवेना.

दोन विक्रेत्यांनी दोन होड्या आणल्या. दोन्हींचा तळ कडक आणि कडेनं हवेची फुगीर नळी. एकीचा तळ फायबरचा, दुसरीचा ॲल्युमिनियमचा. फायबरची म्हणे पाण्यावर मऊ चालते, ॲल्युमिनियमची दगडावर घासली तरी फिकीर नाही. आमच्या पार्किंगमध्ये पाण्याखाली दगड नसतात, मोटरसायकली असतात. त्यांच्यावर कुठली बरी, हे दोघांनाही सांगता येईना.

फायबरच्या होडीवर हवेचा दाब छापला होता, ०.२५ बार. पाव बार? एवढ्या हवेवर सायकलसुद्धा चालत नाही! आमच्या लाइनवर चाकात अडीच बार भरल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. छापणाऱ्याची चूक आहे असं मी तिथंच जाहीर केलं, पेनानं दुरुस्ती करून खाली सही-तारीखही टाकली (सवय), आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आणवला. होडी टम्म फुगली. दौलतरावांनी तिच्यावर थाप मारली, "आत्ता कशी कडक झाली!" आणि मग जो आवाज झाला, मामा! वॉचमन आडवा पडला. चौथ्या मजल्यावर स्वरूपावहिनींनी धावत जाऊन गॅस बंद केला. नळीचा तुकडा त्यांच्याच तुळशीवर सापडला. विक्रेता नुसता माझ्या सहीकडे बघत राहिला.

मला वाटलं, चला, निवड तरी झाली. तर दौलतराव म्हणतात, "फुटली ती कच्ची हाय. रविवारी दुसरी बी अडीचला भरा. टिकली तर घ्या, न्हाईतर जेसीबी हायेच की." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! घरी येऊन पुस्तिका वाचली तेव्हा कळलं, पाव बारच बरोबर होतं. आता सांगावं तर पंचवीस वर्षांची इज्जत जाते, न सांगावं तर आईची होडी.

तुम्ही जन्मभर दाभोळच्या खाडीत लाँच चालवलीत. तेव्हा पाव बारच योग्य, अशा चार ओळी तुमच्या सहीनं पाठवा. माझं नाव मध्ये आणू नका.

तुमचा भाचा,
निरंजन

ता. क. चिठ्ठी नको. पत्र टाकायचं राहिलं आणि रविवार उजाडला. कंप्रेसर सुरू होताना माझ्याच्यानं राहवलं नाही, सगळ्यांसमोर कबूल केलं. पोट धरधरून हसले. ॲल्युमिनियमची घेतली, पाव बारवर.

ता. क. दुसरा. आई होडीत बसायला तयार नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "चालवणार कोण, हा?" आणि मग हळूच, "नाना असता तर बसले असते." मी थक्क झालो. तुम्ही भाऊबीजेला यायचं बंद केलंत त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तिनं तुमचं नाव घेतलं नव्हतं. ती बोलावणार नाही, आणि तिनं बोलावल्याशिवाय तुम्ही येणार नाही, म्हणून मी लिहितोय. नदी अजून घाटाच्या चार पायऱ्या खाली आहे. निघा.