तेहतिसावे अक्षर

४ ऑक्टोबर १९८९, डोंबिवली

राग आहे. म्हणून आधी वस्तुस्थिती, आणि तीही क्रमाने.

पहिले: कारखान्याच्या रंगखात्यात सुताच्या प्रत्येक छटेचे प्रमाण काढणारा इंटरप्रिटर, म्हणजे सूचना वाचून चालवणारा प्रोग्राम, मी लिहिला. आधी rang, मग rang2. दुसऱ्यात सुधारणा एकच, पण निर्णायक: पिंपातला रंग ताकदीला कमी असेल तर तो त्याचे माप वाढवून देतो. दुसरे: तो चालू झाल्यापासून त्यात कोणीही चूक दाखवू शकले नाही. तिसरे: जूनमध्ये संगणक विभागावर सबनीस आले. (यापुढे स. पूर्ण नावावर शाई खर्च करणार नाही.) चौथे: स.ने शिस्तीच्या नावाखाली सगळ्या फाईली लांबलचक नावांच्या डिरेक्टऱ्यांत हलवल्या, आणि मी विरोध केला असताना जुना rang नव्याच्या शेजारीच ठेवायला लावला. ‘बॅकअप.’ पाचवे: छटांच्या स्क्रिप्टची (प्रत्येक छटेच्या नावाची सूचनांची फाईल) पहिली ओळ, जिच्यात इंटरप्रिटरचा पत्ता लिहिलेला असतो, ती प्रत्येक फाईलमध्ये स.ने स्वतः बदलली. सहावे: त्यानंतर नेव्ही ब्लूचा लॉट जांभळा निघाला आणि गिऱ्हाइकाने परत पाठवला. सातवे: कालच्या मीटिंगमध्ये सर्वांदेखत स. म्हणाला, "मॅडमचं शिक्षण भारी आहे हो. प्रोग्राम कच्चा आहे."

आठवे: उद्यापासून मी मोहन्याच्या गोदामात, पिंपे मोजायला. माझ्या फाईलमध्ये शेरा: निष्काळजी.

निष्काळजी. मी.

९ ऑक्टोबर

मोहने. टेबलाचा एक पाय आखूड. त्याखाली विटेचा तुकडा. टर्मिनल अर्थातच नाही. कल्याणहून रिक्षा, रिक्षावाल्याने विचारले, "बाई, शाळेत शिकवता का?"

अण्णा, माझे वडील, ठाण्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही. रात्री जेवताना:

"सुमा, शेरा लेखी आहे ना?"

"हो."

"मग उत्तरही लेखीच. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं."

उत्तर कशाचे देऊ? बिघाड कुठे आहे हेच मला ठाऊक नाही. rang2ची प्रत्येक ओळ मनात वाचून काढली. त्यात दोष नाही. नाही म्हणजे नाही.

१७ ऑक्टोबर

रंगखात्याचे फोरमन मढवी नेव्हीची पिंपे न्यायला टेम्पो घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"मॅडम, पुन्हा नेव्हीचं वांगं झालं ओ! भरीत करायचं बाकी राहिलं. आणि मेमो कोणाला? मला. साहेब बोलले, तुमची माणसं टर्मिनलवर कायतरी चुकीचं दाबतात."

"काय दाबता?"

"काय दाबनार? छटेचं नाव. navy7. साहेबांनीच सांगितलंय ना, फक्त नाव दाबा, बाकी मशीन बघंल. पण साहेब स्वतः बसले की आकडे बरोबर! आमच्या हातालाच काय खाज आहे का?"

"ते बसतात तेव्हा नुसतं नावच दाबतात?"

मढवींनी आठवून पाहिले. "नाय. ते आधी rang2 टाकतात, मग नाव. चेक करायला."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. आधी इंटरप्रिटर सांगितला तर बरोबर. नुसते नाव दाबले तर चूक. माणसांच्या हातांचा यात काही संबंध नाही. फरक आहे तो स्क्रिप्ट उठवतो कोण, यात.

१८ ऑक्टोबर

सापडले.

आधी rang2 टाकले तर तो थेट चालू होतो आणि स्क्रिप्ट त्याच्या हाती जाते. पहिली ओळ तो टिप्पणी म्हणून ओलांडतो. नुसते नाव दाबले तर काम कर्नेलकडे, म्हणजे मशीनच्या मूळ प्रोग्रामकडे. तो फाईल उघडतो, आरंभी # आणि ! ही जोडी पाहतो, आणि समजतो की ही फाईल स्वतः चालणारी नव्हे. पुढे ज्याचा पत्ता आहे त्याला उठवायचे. पण आमच्या मशीनच्या कर्नेलने ही ओळ वाचायला जागा राखली आहे ती बत्तीस अक्षरांची. त्यापुढचे तो टाकून देतो. निमूटपणे. तक्रार नाही, सूचना नाही. मॅन्युअलच्या तळटीपेत एका वाक्यात आहे, मी एम.टेक.ला असताना ते वाचले होते आणि विसरले नव्हते.

स.ची ओळ, बदलीआधी मी वहीत उतरवून घेतलेली:

#!/usr/edp/production/shade/rang2

मोजली. पुन्हा मोजली. तेहतीस.

तेहतिसावे अक्षर म्हणजे तो २. तो गळाला की उरतो rang. त्या नावाची फाईल तिथे नसती तर मशीन ‘सापडत नाही’ म्हणून ओरडले असते आणि पाच मिनिटांत सगळे कळले असते. पण स.ने हट्टाने तिथेच जुना rang बसवला. तो बिचारा इमानाने उठतो, ताकदीची ओळ त्याला कळत नाही म्हणून सोडून देतो, अशक्त निळा जुन्याच मापाने घालतो, लाल मात्र पुरेपूर. वांगे.

माझा पूर्वीचा पत्ता होता /usr/edp/bin/rang2. आखूड, नेटका. बडेजाव नव्हता त्यात.

मी आज मोहन्याला जाताना रिक्षात एकटीच हसले.

२० ऑक्टोबर

डोंबिवलीला तार करता येईल. फोन करता येईल. एक वाक्य पुरे.

करणार नाही.

दिवाळीनंतर मोठे साहेब (आमचे मालक) पाहुण्यांसह कारखान्यात येणार, आणि स. त्यांच्यासमोर ‘एक नाव, एक कळ’ हा चमत्कार दाखवणार. लडी तिथेच रंगवून, वाळवून पाहुण्यांच्या हातात. चमत्कार नेव्हीचाच, कारण गिऱ्हाईक नेव्हीचेच. करू दे.

मढवींचे काय, हा प्रश्न रात्रभर छळत होता. त्यांना आणखी एक मेमो आला तर ते निलंबित होतील. सकाळी रंगखात्यात फोन केला. "मढवी, नुसतं नाव कधीच दाबू नका. दर वेळी आधी rang2. का, ते विचारू नका."

"साहेबांना कळलं तर?"

"साहेब पडद्याकडे बघत नाहीत. तुमच्याकडे बघतात."

हसले. "मॅडम, तुमच्या डोक्यात काय शिजतंय ते मला नको. पन शिजलं की एक वाटी पाठवा."

७ नोव्हेंबर

रंगखात्यातले सगळे लॉट बरोबर. म्हणून स.ने सर्क्युलर काढले: ‘कर्मचाऱ्यांवर कडक देखरेख ठेवल्यामुळे दर्जा सुधारला.’ मढवींनी फोनवर वाचून दाखवले आणि वर एक शिवी दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. मात्र नेमकी होती.

अण्णांना सगळे सांगितले. ते सुपारी कातरू लागले.

"म्हणजे खड्डा त्यानंच खणला. तू फक्त त्यावरची फांदी हलवत नाहीयेस."

"हो."

"कायद्यानं गुन्हा नाही."

"मग?"

"कायद्यानं नाही, एवढंच म्हणालो मी."

मला हे आवडले नाही. पण निर्णय बदलला नाही.

१६ नोव्हेंबर

आज.

मलाही बोलावले होते, स.नेच. माझा पराभव पाहुण्यांना खुर्चीवर बसवून दाखवायचा होता. स.चा सूट राखाडी, टाय वेलबुट्टीचा. "ही बघा आमची जुनी प्रोग्रामर," म्हणाला. "थोडं पुस्तकी काम होतं. मी प्रॅक्टिकल केलं." मग navy7 दाबले. नुसते. आकडे छापून आले, मढवींच्या माणसांनी तंतोतंत तेवढे मोजून घातले, पाहुणे चहाला गेले.

परतले तेव्हा तारेवर वांग्याच्या रंगाची लडी ठिबकत होती.

मग मढवी, अगदी गरीब चेहऱ्याने: "साहेब, ह्या टायमाला तर तुम्हीच दाबलंय."

स.ने माझ्याकडे बोट दाखवले. "बघितलंत? इंटरप्रिटर कच्चा! मी सांगतच होतो!"

मी उठले. फळ्यावर स.ची पहिली ओळ लिहिली आणि मोठ्या साहेबांना म्हणाले, "कृपया मोजा." त्यांनी बोटाने मोजली. बत्तिसाव्यानंतर मी रेघ मारली आणि उरलेला २ पुसून टाकला. मग नव्या पिंपाची ताकद, जुन्या rangचे माप, rang2चे माप. खडू तुटला नाही. स.च्या वेलबुट्टीवर निळ्याचा शिंतोडा होता. तो बरोबर छटेचा होता की नाही, ते मी बघितले नाही.

खोटे. बघितले. फिका होता.

१७ नोव्हेंबर, ठाणे

खोपटच्या ऑफिसात मोठ्या साहेबांनी बोलावले. खिडकीखाली एस.टी. मागे घेणाऱ्या कंडक्टरची शिट्टी. स.ने पत्ता आखूड करून टाकला आहे. आता सगळे बरोबर चालते. नवे सर्क्युलर: ‘तांत्रिक अडचण दूर झाली.’ कोणाची, कोणी केली, कोणी शोधली, नाही.

"झालं गेलं गंगेला मिळालं, मॅडम. सोमवारपासून डोंबिवलीला या."

"शेऱ्याचं काय? मढवींच्या मेमोचं?"

"अहो, ते कागद कोण वाचतं?"

"मी वाचते."

त्यांनी चष्मा काढला. हा माणूस मूर्ख नाही. "एक विचारू? रंगखात्यात सगळं बरोबर येत होतं. फक्त काल, फक्त सबनीसांच्या हातून चुकलं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

शिट्टी पुन्हा वाजली. मी म्हणाले, "हा प्रश्नही लेखी विचारावा."

१८ नोव्हेंबर

अण्णांना मोठ्या साहेबांचा प्रश्न सांगितला, त्यांना लिहिलेले पत्र दाखवले. म्हणाले, "लेखी विचारलं तर काय लिहिशील?" मी म्हटले, खरे तेच. ते म्हणाले, "मग पाठव."

सोमवारी मोहन्यालाच जाणार, तेही कळवले. पत्राचा शेवट इथे उतरवून ठेवते, शब्द बदलल्याचे उद्या कोणी म्हणू नये म्हणून:

‘सबब, श्री. मढवी यांना दिलेला मेमो मागे घेतला काय. माझ्या फाईलमधील ‘निष्काळजी’ हा शेरा रद्द केला काय. आणि छटांच्या स्क्रिप्टमधील पहिली ओळ कोणी बदलली, त्या व्यक्तीचे पूर्ण नाव काय. या तीन बाबींचा खुलासा करावा. मला विचारायचा असेल तो प्रश्न त्याच पत्रात विचारावा. त्याचे उत्तर मी दडवणार नाही. फोन, निरोप अथवा तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही. उत्तर आपल्या सहीनिशी, लेखी द्यावे.’