जागा मोकयी करी दे

सर, केळी पिकवायच्या खोलीचा तुमचा प्रोग्रॅम अजून चालू आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, शहाद्याचा आपला क्लास जाऊन तिथे मोबाईलचं दुकान आलं, पण आमच्या काकांच्या केळीच्या गोदामात दर मिनिटाला तापमान वाचायचं आणि थंड हवेचं मशीन चालू-बंद करायचं, हे काम तुम्ही सी भाषेत लिहिलेल्या त्या ओळीच करत होत्या. गेल्या महिन्यात तिथला जुना कॉम्प्युटर एकदाचा मेला. काकांनी नवा आणला. मी सुट्टीत गावी आले आहे हे कळल्यावर त्यांचा फोन आला, "सरना हातखाले शिकेल तूच शे, तूच बसाडी दे." मी ऐटीत गेले. पुण्यात पंधरा वर्षं हेच तर करते.

ओळी मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या नव्या कंपायलरने चाळीस इशारे दिले. जुन्या लिखाणावर असली कुरकुर तो करतोच, म्हणून मी इशारे बंद करून टाकले. तुम्ही असतात तर मला खुर्चीवरून उठवलं असतं. इशारा वाचल्याशिवाय पुढे गेलेल्याला तुम्ही उभं करायचात, मग तो कलेक्टरचा मुलगा का असेना. प्रोग्रॅम चालला, काकांनी चहा पाजला, मी घरी आले. तिसऱ्या दिवशी फोन. पडद्यावर तापमान शून्य, त्यामुळे मशीन बंद, आणि खोलीत केळी तापलेली. गोदामातला माणूस सहज आत डोकावला म्हणून माल वाचला. काकांनी विचारलं, "सरनं पयलेपासून चुकेल व्हतं का व?" आणि मी म्हणाले, "हा काका, जुनं शे, चुका ऱ्हातीनच."

क्लासची ती खोली आठवते. खिडकीतून एसटी स्टँड दिसतोय, आणि मेमरी म्हणजे काय ते तुम्ही त्या खिडकीतूनच शिकवताय. बाहेरून रुमाल टाकून जागा धरायची, म्हणजे मेमरी मागून घेतली. उतरताना रुमाल उचलायचा, म्हणजे ती परत केली. त्या आज्ञेचं नाव फ्री. मी वहीत लिहिलं होतं, फ्री म्हणजे फुकट. आम्हा सगळ्यांना तेवढाच अर्थ ठाऊक, साबणावर चमचा फ्री. वर मी उठून विचारलं, "सर, फुकट मिळालेलं परत कशाला द्यायचं?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "फुकट नही व, मोकयं! उतरनी ना? मंग रुमाल उचल, जागा मोकयी करी दे. मोटर तुन्हा बापनी शे का?" तापीकाठच्या बागाईतदाराची लाडावलेली पोर मी, बापाचं नाव काढल्यावर डोळ्यांत पाणीच आलं. त्याच आठवड्यात तुम्ही मला काकांच्या प्रोग्रॅममध्ये घेतलंत. जिथे जिथे काम संपेल तिथे जागा मोकळी करायच्या ओळी लिहायच्या, एवढंच माझं काम. तेवढं मोठं बक्षीस मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे तुम्ही स्वतःचं आडनाव घातलंत. इतर चार पोरांच्या ओळींपुढेही तेच. मी फुरंगटून विचारलं, काम माझं आणि नाव तुमचं का? तुम्ही डबा उघडत म्हणालात, "चुकनं तं माले बोलतीन, तुले नही."

काकांच्या त्या फोननंतर गोदामातला माणूस मशीन हातानेच चालू-बंद करत होता; चौथ्या दिवशी मी मेमरीतल्या चुका पकडणारं साधन लावलं. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. तापमान ज्या जागेत लिहिलं, ती जागा मोकळी करून झाल्यावर दोन ओळी खाली प्रोग्रॅम तिथूनच तापमान वाचत होता. जुन्या कॉम्प्युटरवर त्या जागेत दुसरं कुणी येऊन बसतच नव्हतं, त्यामुळे आकडा तसाच पडून राहायचा आणि बरोबर निघायचा. रिकाम्या गाडीत उठून गेलेल्यालाही परत आपलीच खिडकी मिळते, तसं. नव्यावर जागा लगेच दुसऱ्याला जाते. बंद केलेले इशारे चालू करून पाहिले, तर कंपायलरने हीच ओळ पहिल्याच दिवशी दाखवली होती. ओळीवर इंग्रजी अक्षरांत शेरा होता, "आठे जागा मोकयी करी", इथे जागा मोकळी केली. पुढे तुमचं आडनाव. बोलणी खाल्लेल्या मुलीने घाईघाईने केलेलं काम ते.

जागा मोकळी करायची ती ओळ तापमान वाचण्याच्या ओळीखाली सरकवली. गोदामात गेले आणि काकांना सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, "मंग सरले मी उगाच बोलनू." सर, तुम्ही डबा उघडता उघडता सांगितलं होतंत, अगदी तसंच झालं. मला फार लाज वाटली.

त्या एका ओळीपुढचं तुमचं आडनाव पुसून मी माझं लिहिलं. बाकी पोरांच्या ओळींना हात लावला नाही. हे पत्र प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवते आहे, तिथून ते कुठे जाणार नाही, म्हणून एक लिहून टाकते. त्या प्रोग्रॅममध्ये जागा मोकळी करायच्या ओळी फक्त मी लिहिल्या होत्या. मी "हा काका" म्हणाले तेव्हाही मला ते आठवत होतं. आणि तुमचं नाव पुढे आहे म्हणून बरं वाटलं होतं.